पोहता न येणाऱ्यानं पातं ठरवावं

११ जून १९६३, मंगळ. अमरावती.

सकाळी चहा घेत होतो, तो दारात एक बाई. बगलेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. ओळखू आली नाही. मग ती उंबऱ्याशी थांबून पायावर पाय घासू लागली, चिखल नसताना, आणि मी हातातली बशी खाली ठेवली. पूर्णेच्या घाटावरचा शिवा भोई शाळेच्या ओसरीवर चढण्याआधी असेच पाय घासायचा.

शिवाची सुंद्रा. मी त्या गावची मास्तरकी सोडली तेव्हा परकरात होती.

"ओळखलं का नाई, मास्तर?"

"ओळखलं ना, पोरी. बस."

घाटावरची नाव यंदापासून तिच्याकडे. इतके दिवस काका चालवायचा, त्याचे हात आता थरथरतात. गाव म्हणे, बाईमाणसाच्या हाती सुकाणू? ही म्हणाली, "मी म्हशीचं शेपूट धरून नदी पार करत होती, तवा तुमी पारावर बसून पान खाऊन राहिले होते." स्वतः सांगून स्वतःच हसली. सूनबाईही हसल्या. मला जमलं नाही. गोधडीत काय आहे ते तोवर कळलं होतं.

नाव नवी बांधली आहे. सुकाणूचं पातं तेवढं ठरायचं. आणि घाटाची रीत जुनीच: पातं भोयानं ठरवायचं नाही, पोहता न येणाऱ्यानं ठरवायचं. ज्याच्या जिवाला पाण्याची भीती, त्याच्या डोळ्यांनी पाहायचं. आणि पहिल्या पुरात भोयासोबत त्यानं नावेत बसायचं. दोघंच. मगच बाकीचं गाव.

"तुमाले अजून पोहता येत नाई ना?"

"नाही."

"मंग झालं."

गोधडी सोडली. शिवाचं पातं. मीच ठरवलेलं. बारा वर्षांनी पाहतो आहे.

"जुनं पाहून नवं ठरवा," म्हणाली. पातं ठेवून बडनेऱ्याच्या गाडीला गेली.


१२ जून.

पातं कोपऱ्यात उभं केलं आहे. माझ्या खांद्याएवढं. दुपारी डोळा लागला आणि बांबू दगडावर टेकल्याचा आवाज आला, शिवा नाव घाटाला लावताना यायचा तसा. टक्. थांबून टक्. सूनबाईंना विचारलं, बाहेर कोण आहे? म्हणाल्या, कोणी नाही, मामंजी, पाणी देऊ का?

पाणी नको म्हणालो.


१३ जून.

लिहूनच टाकतो. बारा वर्षांत या वहीला सांगितलं नाही.

एकावन्न साल, श्रावण. शिवानं दोन पाती ओसरीवर आणून ठेवली. एक लांब, सरळ, खोल जाणारं. दुसरं आखूड, रुंद, आणि मागे कललेलं. मी फळ्यावर खडूनं नदी काढली, नाव काढली. खोल पातं पाण्याला घट्ट धरतं, नाव भरकटत नाही, असं वर्गाला आणि ओसरीवर जमलेल्या गावाला समजावलं. चौथीच्या पुस्तकात तेव्हा नावेची एक कविता होती, तीही पोरांकडून म्हणवून घेतली. फार गोड चाल होती तिला. त्या कवितेतली नदी काचेसारखी.

शिवा खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, पूर म्हन्जे निसतं पानी नसते. त्यात गाव असते."

मी हसलो. "शिवा, तू कवी झाला की!" सगळी ओसरी हसली. तोही हसला. लांब पातं उचलून खांद्यावर टाकलं आणि गेला.

त्याला काय म्हणायचं होतं ते चार दिवसांनी समजलं. पुरात वरच्या गावांचे काठ वाहून येतात. पऱ्हाट्यांच्या पेंढ्या येतात, घरामागे जळणाला रचलेल्या. कपाशीची ती वाळकी झाडं पाण्याखालून येतात, दिसत नाहीत, आणि खोल सरळ पात्याला मिठी मारतात. एक अडकली की तिच्यावर दुसरी. मग सुकाणू वळत नाही. नाव आडवी होते.

लांब पातं माझं. पहिल्या पुरात शिवा एकटाच गेला; पातं सापडलं, तो नाही. मी नावेत नव्हतो.


१४ जून.

कालचं अर्धंच लिहिलं. नावेत नव्हतो कारण त्या दिवशी शाळेची तपासणी होती. सगळ्यांना हेच सांगितलं, आमच्या हिलासुद्धा (देव तिला शांती देवो), आणि ते खोटं नाही.

पण तपासणी अकराला होती. नाव आठला सुटायची.


१७ जून, सोम. अकोला.

धाकट्या चि. वसंताकडे आलो. त्याला सांगितलं, डोळे दाखवायचे आहेत. पातं सोबत पाहून म्हणाला, "बाबा, हे काय डॉक्टरला दाखवता?" नातवंडं खिदळली.

दुपारी कासमभाई मिस्त्रींकडे. बैलबंड्यांची चाकं करण्यात आयुष्य गेलं, तरुणपणी नावाही बांधल्या. पातं आडवं धरून एक डोळा मिटून पाहिलं. मग नखानं फटीतून काहीतरी उकरलं. काळी वाळकी काडी. पऱ्हाटी.

"मास्तरसाब, ये तो अंदर ही रह गई."

मी काडी मागून घेतली. वहीत ठेवली आहे.

विचारलं, मग आखूडच बरं ना? म्हणाले, "इतकं सोपं असतं तर पोहनाऱ्यालेच नसतं इचारलं? लंबा पाता जिद्दी आदमी. सरळ चालते, पन वाटेत कोनी आडवं आलं की भांडत बसते. छोटा पाता नरम आदमी. कचऱ्याले वाट देते, पन भोवऱ्यात पाय सरकते त्याचा. आता तुमी सांगा, तुमच्या नदीत कचरा जास्त का भोवरे जास्त?"

त्या गावात एकोणीस वर्षं पूर्णेवर कविता शिकवल्या. पूर आला की मात्र शाळेचं दार लावून घेत होतो.


२४ जून. अकोला.

कासमभाईंनी वीतभर लांबीची नाव करून दिली, दोन पाती वेगळी. त्यांच्या अंगणात बैलांच्या पाण्याचं दगडी टाकं आहे. त्यात सोडून पाहिली. ते डब्यानं पाणी ढवळत होते, मी पऱ्हाटीच्या काड्या टाकत होतो. दोन म्हातारे. शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली, "चाचा, शाळा भरली का?"

लांब पातं: तिसऱ्या काडीला अडकलं.

आखूड, मागे कललेलं: काड्या घसरून गेल्या. पण कासमभाईंनी डबा गरगर फिरवला तेव्हा नाव शेपटाकडून सरकली, एक गिरकी घेतली, मग सावरली. दर वेळी सावरली नाही.

कलतं तसंच ठेवून बोटभर जास्त खोल करू, आणि खालचा कोपरा गोल, असं ठरलं. बाभळीचं लाकूड. "या बोटभरात जेवढं जमंल तेवढं," म्हणाले.

टाक्यात वाकलो होतो तेव्हा पाण्यात तीन चेहरे दिसले. मान वळवली नाही. कासमभाईंनी डबा उपसून बाजूला ठेवला. त्यांना दिसलं की नाही, विचारलं नाही.


७ जुलै, रवि.

पातं तयार. वसंता म्हणतो, हमालाबरोबर पाठवून द्या, या वयात कुठं जाता? मी म्हणालो, रीत आहे. "कसली रीत?" पुढचं सांगितलं नाही.


२० जुलै, शनि. घाटावरचं गाव.

मूर्तिजापूरहून छोटी गाडी, पुढे बंडी. काळ्या मातीत बंडी दोनदा रुतली. शाळेची ओसरी तीच. फळा नवा आहे.

शिवाच्याच घरी उतरलो. सुंद्रानं नवं पातं मांडीवर घेतलं, पोटच्या लेकरासारखं चाचपलं. मागे कललेल्या धारेवरून तळवा फिरवला, गोल कोपऱ्यापाशी थांबली.

"हे बाबाच्या दुसऱ्या पात्यासारखं दिसते."

तेव्हा बोललो. बोलण्याची बारा वर्षं तयारी होती, तरी सगळं उलटसुलट झालं. फळा, कविता, तो हसला ते, मी हसलो ते. शेवटी अकरा आणि आठ.

तिनं चुलीत फुंकर घातली. "मले माहीत हाये."

"काय माहीत आहे?"

"सारंच. मायनं म्हटलं होतं बाबाले, आखूड लाव, मास्तरले काय समजते नदीतलं. तर बाबा म्हने, मास्तरचा शब्द भर ओसरीत पडला, तो मी खाली पाडू काय? माह्या पोरीले त्यानं अक्षर देलं." भाकरी उलटत, "पुराच्या दिशी सकाऊन घाटावर तुमची वाट पाह्यली त्यानं. पानी तिसऱ्या पायरीवर येईलोक. मंग म्हने, काम असन मास्तरले."

भाकरी ताटात पडली. मला हात लावता येईना.

"मग माझ्याकडे का आलीस, सुंद्रे? पोहता न येणारी माणसं गावात काय कमी आहेत?"

"लय हायेत. पन ते हो म्हनतीन अन् जेवाले बसतीन. तुमी बारा वर्सं झोपले नाई, हे मले तुमच्या दारातच दिसलं." मग ताट माझ्याकडे सरकवलं. "अन् तुमची एक फेरी बाकी हाये. खा आता, थंडी होऊन राहिली."


२८ जुलै.

नदी अजून घाटाखाली. पातं बसवलं. काका म्हणतो, बोटभर आणखी आखूड पाहिजे होतं. दुसरे एक आजोबा म्हणतात, बोटभर आणखी लांब. सुंद्रा दोघांना म्हणाली, "तुमाले दोघायले पोहता येते. गप बसा."

दुपारी घाटावर एकटा बसलो होतो. बांबूचा आवाज आला, टक्, आणि आज तो पाठीमागून नाही, पलीकडच्या काठावरून. मी जुनी कविता चालीवर म्हणून पाहिली. तिसऱ्या ओळीला विसरलो. एकोणीस वर्षं शिकवलेली.


५ ऑगस्ट, सोम.

दोन दिवस वर, मेळघाटाकडे, पाऊस. संध्याकाळी पाणी पहिल्या पायरीवर. रंग शेणासारखा. पऱ्हाट्या येऊ लागल्या. वरून एकच दिसते, खाली किती असतील.

वळणाशी भोवरा धरला आहे. म्हणजे कचराही आणि भोवराही. कासमभाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

सुंद्राला विचारलं, भीती वाटते का?

"तुमाले?"

"हो."

"मंग बरोबर हाये. रीतीनं तुमालेच वाटाले पाहिजे."


६ ऑगस्ट, मंगळ.

साडेसात. पाणी तिसऱ्या पायरीवर.

गाव घाटावर जमलं आहे. माझ्या चष्म्याला तिनं सुतळी बांधून दिली, कानामागून. शिवाचं जुनं पातं दारामागे टेकवून ठेवलं आहे, फटीतली काडी परत फटीत घातली. वही तिच्या मायजवळ देतो. वसंताचा पत्ता पहिल्या पानावर आहे.

आज तपासणी नाही.

खालून हाक आली, "मास्तर, या." लगेच पलीकडच्या काठावरून तीच हाक, जरा जाड आवाजात. प्रतिध्वनी असेल. पूर्णेला इतक्या वर्षांत प्रतिध्वनी ऐकल्याचं आठवत नाही.

दोघांनाही एकच उत्तर दिलं. आलो.