ओ द्यायची नाही

२७ ऑक्टोबर
ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आज. सकाळपासून ट्रॅक्टर भरणं चालू होतं. भांडी, ताडपत्र्या, बांबू, कोंबड्या, लेकरं, वर म्हाताऱ्या. दुपारी गावात आवाजच नाही. पारावर पुढाऱ्याचं बॅनर फडफडतंय, त्याच्यावर तो हात जोडून हसतोय. कोणाकडं बघून, काय माहीत.
वैनी दारात उभी. मुकादम जाता जाता म्हणला, "शोभाबाई, अर्ध्या कोयत्याला कुठं नेऊ? अंकुशला म्हणावं मासळी सोड अन् ये." नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दादा ह्या साली उसाला न जाता समुद्रावर गेला, म्हणून वैनी अर्धी.
वैनी म्हणली, "तुमची मालकीणबी घरीच हाय की. मंग तुमी काय, अर्धेच का?"
ट्रॅक्टरवरच्या बाया लई हसल्या. मुकादमपण हसला, पण उशिरा.

२९ ऑक्टोबर
दादाचा फोन. बोट बंदराला लागली की करतो. स्पीकर लावून चुलीपाशी तिघं : आबा, वैनी, मी. माय गेल्यापासून आम्ही फोनसुद्धा चुलीपाशीच ऐकतो.
आज खालच्याचं सांगितलं. तळ लागत नाही एवढ्या खोल पाण्यात असतो म्हणे. त्याचं नाव कोणी घेत नाही, नुसतं 'खालचा'. बोटीवर शीळ घालायची नाही, त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. त्याची पण बोट आहे, उलटी, तळाकडं डोलकाठी करून चालणारी. तिच्यावर त्याला माणसं लागतात. चांगल्या हाताची. म्हणून तो पाण्यातून हाक मारतो, आपल्याच माणसाच्या आवाजात. ओ द्यायची नाही. दिली की गेला.
आबा : "अन् तुला मारली का कधी?"
"मला कशाला मारल? मी तर अजून उलट्या करतोय बोटीवर."
वैनी भाकरी थापता थापता : "म्हंजे मुकादमच की. टोळी हाय, माणसं लागतात, वळखीच्या आवाजात गोड बोलून नेतो."
दादा एवढा हसला की फोन खरखरला. "व्हय. मुकादमच. पण ह्याचा पट्टा पडत न्हाई बघ."
पट्टा पडला की कारखाना बंद अन् टोळ्या घरी. खालच्याचा कारखाना बंदच होत नाही. काय वाक्य आहे! लगेच उतरवून घेतलं.

३१ ऑक्टोबर
कादंबरी, म्हणजे कादं. (जी मी लिहितोय असं गावाला वाटतं अन् गावाला वाटतं म्हणून मी लिहितोय) आता समुद्रावर न्यायची. विरामचिन्हं नाहीत. पहिलं वाक्य : 'समुद्र म्हणजे तळ नसलेलं वाक्य'. दिवसभर ह्याच्यावर खूश.
समुद्र पाहिलेला नाही. आजवरचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा नदीचं धरण, अन् मी पाहिलं तेव्हा ते पण आटलेलं.
पहिली काही पानं पुण्याच्या संपादकाला धाडली.

१६ नोव्हेंबर
नवनाथचा फोन. चौसाळ्याचा नवनाथ, दादाला बोटीवर यानंच नेलंतं. म्हणला, "सुध्या, आबा जवळ हाय का? बाजूला जा मंग."
बाजूला गेलो.
दादा पाण्यात पडला. काल, दिवस मावळताना, जाळं ओढताना. सापडला नाही.
"सापडला नाही म्हणजे?"
"न्हाई सापडला बे."
वळलो तर वैनी मागं उभी.  तिनं माझ्या हातातला फोन घेतला अन् बंद पडलेल्या फोनला "हॅलो, हॅलो" करत राहिली.

१८ नोव्हेंबर, बंदर
आबा अन् मी एस.टी.नं. आबा रस्ताभर खिडकीला डोकं टेकून. एकदाच बोलले : "ह्या बाजूला पानी लई हाय रे."
समुद्र. नारळाच्या रांगेमागून एकदम दिसला. डिझेलचा वास, सडक्या कोळंबीचा वास, बर्फ फोडण्याचा आवाज. तळ नसलेलं वाक्य म्हणे. थू.
बोटीच्या मालकानं, शेठनं, चहा पाजला. नम्र माणूस, 'काका काका' करत होता. "आमचा धंदाच असा, काका. शोध घेतला, चार बोटींना कळवलं." पोलीस म्हणाले बॉडी मिळेपर्यंत 'बेपत्ता'.
तांडेलाला भेटलो. बोट चालवणारा तो. साठीचा, डोळे लाल. त्यानं दुसऱ्याच दिवशी त्या जागी नारळ सोडलाय. आम्हाला म्हणाला, "त्याला खालच्यानं नेला. बोलावलेला माणूस तो. त्याचा हात चांगला होता."  हात चांगला होता! उसातपण हेच म्हणायचे.
नवनाथ कुठंय विचारलं तर, "गावी गेला, घाबरलाय."

१९ नोव्हेंबर
निघायच्या आधी आबा जेटीच्या टोकाला गेले. मला वाटलं हात जोडणार. आबांनी तोंडाला दोन्ही हात लावले अन् शिवारात मारतात तशी हाक मारली. "अंकुशाऽऽऽ"
तांडेल धावत आला. "काका, नका! पाण्यावर नाव नका घेऊ, खालच्याकडं नवीन आहे तो अजून." खलाशी जाळी टाकून मागं सरले. एकानं खरंच कान झाकले.
आबांनी परत मारली. अजून एकदा. घसा फाटेपर्यंत. मासळी विकणाऱ्या बायांचा लिलाव थांबला.
मग आबा खाली बसले अन् एवढंच म्हणले, "ओ कावून देत न्हाई ह्यो."

२४ नोव्हेंबर
गाव रिकामं, तरी सांत्वनाला आहेत तेवढ्या म्हाताऱ्या आल्या. येतात, रडायची तयारी करून बसतात, अन् वैनीचं कुंकू बघून घोटाळतात. रडावं का नाही?
एकीनं विचारलंच, "काय धरायचं म्हनायचं मंग पोरी?"
वैनी : "टोळीत गेलेत धरा."
"कोणाच्या?"
"त्यो खालचा हाय एक. मुकादम हाय तिथला. माणसं लागतात त्याला."
 म्हातारी जातीच्या कोयतेवालीसारखं म्हणली, "मुकादम कितीबी हरामी असू दे बाई, पट्टा पडला की सोडावंच लागतंय त्याला."
"मी तेच म्हणते," वैनी म्हणली.
मला वाटलं दोघी येड्या झाल्या. नंतर वाटलं, ह्यांनी आयुष्यात माणूस गायब झालेला पाहिलाय तो असाच. दिवाळीनंतर जातो, शिमग्याला येतो. ह्यांच्याकडं गेलेल्या माणसाचं दुसरं गणितच नाही.
दादाचं वाक्य मला आठवत होतं. ह्याचा पट्टा पडत नाही. वैनी पण तिथंच होती, भाकरी थापत.

२७ नोव्हेंबर
संपादकाचा मेसेज. 'लोककथेचं मटेरियल जबरदस्त. भाषा पण. पण काही घडत नाही. कुणीतरी बुडायला हवं.'
फोन कणगीत टाकला. संध्याकाळी ज्वारीतून हुडकून काढला, चार्जिंगला लावला. एवढाच माझा बाणेदारपणा.

२ डिसेंबर
वैनीचा भाऊ दत्ता चकलांब्याहून आला. बरा माणूस आहे, हाच वांधा आहे. त्याच्याशी भांडता येत नाही. आबांच्या पायाशी बसून बोलला, "मामा, ताई अठ्ठावीसची बी न्हाई माझी. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. पळसाच्या पानांचा पुतळा करा, विधी करा, तिला मोकळी करा. पुढचं मी बघतो."
देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला जाळतात. गुरुजींना पण तो विचारून आलता.
आबा म्हणले, "मी तयार हाय. पोरीला बांधून ठिवनार न्हाई."
वैनी आतून आली. "दत्ता, उसाला गेलेल्या माणसाचं कोण तेरावं घालतंय का रे?"
"ताई, समुद्र म्हणजे ऊस हाय का?"
"तू गेलतास का समुद्रात?"
दत्ता माझ्याकडं बघायला लागला. "तुमी शिकलेले हाव. तुमी सांगा तिला."
सगळे माझ्याकडं. मी म्हणालो, नवनाथला भेटून येतो, त्यानं डोळ्यानं पाहिलंय. मग ठरवू.
वैनी म्हणली, "हां. त्याला इचारा. त्यो म्हणला बुडालेलं पाह्यलं, तर मी सोता पानं आणते पळसाची."

९ डिसेंबर
चौसाळ्याला गेलतो. हायवेच्या हॉटेलात नवनाथ. दाढी वाढलेली. समोरची भजी गार होईपर्यंत त्यानं मला क्रिकेटचं सांगितलं. मग मीच म्हणलो, "नवनाथ, बुडताना पाहिलंस का तू?"
"न्हाई."
"मग?"
तो बाहेर ट्रक बघत बोलला. जसं बोलला तसं :
"दोरी पायात आली अन् गेला. मी मागच्या बाजूला होतो. आवाज झाला. मंग वर आला. पोहत होता बे तो. उजेड होता अजून, डोकं दिसत होतं. हाक मारली त्यानं. ए नवनाथ. माझंच नाव घेतलं. मी उठलो. तांडेल वरडला, ओ देऊ नको, त्यो न्हाई तो, खालचा हाय. बोट वळवायची न्हाई."
"अन् तू?"
"मला तेच शिकवलंतं सुध्या. पहिल्या दिवशीपासून तेच. आपल्याला काय ठाव समुद्रातलं, तांडेल म्हणल ते. गावाकडं मुकादम म्हणल ते, तिकडं तांडेल म्हणल ते."
"परत मारली का हाक?"
त्यानं भज्यांची प्लेट माझ्याकडं सरकवली.
"मारली. ए नवन्या, मी हाय बे, अंकुश. असं म्हणला."
"मग?"
"मंग काय. खालचा बी असंच म्हणल ना बे?"
तो रडला. मला त्याला मारायचं होतं. नाही मारलं. भजी खाल्ली. गार भजी खाल्ली मी त्याच्यासमोर बसून, सगळी. ह्याचं काय करायचं?

१० डिसेंबर
घरी वैनीनं पाणी दिलं. "काय म्हणला?"
"तो बोटीच्या मागच्या बाजूला होता म्हणला. दोरी पायात आली अन् दादा पडला."
"बुडालेलं पाह्यलं?"
"नाही."
खोटं नाही. एक शब्द खोटा नाही.
"मंग पानं न्हाई आणायची," ती म्हणली अन् शेळीला सोडायला गेली.

१४ डिसेंबर
सांगितलं तर : ती सुटेल. दत्ता नेईल, कोणीतरी भला बघून देईल. पण आयुष्यभर तिच्या कानात ती हाक राहील, अन् कोणी ओ दिली नाही हे.
नाही सांगितलं तर : ती पट्टा पडायची वाट बघत बसेल.
कादं. मध्ये मी हे दोन रकान्यात छापलं असतं. वाचकानं कुठूनही वाचावं म्हणून. हुशारी.

२२ जानेवारी
आबा आता शेतात कोणालाच हाक मारत नाहीत. शेजारचा बांधापलीकडं असला तरी चालत जवळ जातात अन् मग बोलतात.
नवनाथ परत बोटीवर गेला म्हणे. शेठनंच बोलावलं. चांगल्या हाताचा आहे.

११ फेब्रुवारी
कादं. जाळली नाही. जाळायचं पण नाटकच झालं असतं. डोलकाठी उलटी असलेल्या बोटीचं वर्णन परत वाचलं. चांगलं आहे. त्याचीच चीड येते. तेवढ्या सुंदर गोष्टीमुळं बोट वळवली नाही त्यांनी. शीळ घालू नका, नाव घेऊ नका, ओ देऊ नका. बोट वळवली असती तर जाळं सुटलं असतं, हे कोणी म्हणलं नाही. खालचा सोयीचा आहे.

१४ मार्च
पट्टा पडला. नांदूरघाटच्या बाजारात टोळ्यांचे ट्रॅक्टर दिसले म्हणे.
वैनीनं घर सारवलं. दादाचा शर्ट धुऊन वाळत घातला. आबा तो शर्ट बघून बांधावर निघून गेले.

१७ मार्च
टोळ्या आल्या. काळे ठिक्कर, हसत, पायाला पाचटाच्या जखमा. वैनी रस्त्याला उभी राहिली. एकेक ट्रॅक्टर रिकामा होताना बघत होती. मुकादम उतरला. त्याला सगळं कळलेलं होतं. खाली बघून म्हणला, "शोभाबाई, लई वाईट झालं."
ती म्हणली, "तुमची सगळी माणसं आली का वापस?"
"आली."
"मोजून आणली?"
"व्हय. मोजून."
"तुमी बरे मंग," वैनी म्हणली अन् घरी आली.

१८ मार्च
शर्ट काढला दोरीवरून. घडी घातली. मी ओसरीवर. माझ्याकडं न बघता बोलायला लागली.
"ते म्हणले होते फोनवर. ह्याचा पट्टा पडत न्हाई. मला काय याद न्हाई व्हय?"
मी मांडीवरची वही मिटली.
"चौसाळ्याहून आलात त्या दिवसापासून तुमी मला वैनी म्हणून हाक मारली न्हाई. जवळ येऊन बोलता, आबांसारखं. जेवायला मागायचं तरी दारात येऊन उभे ऱ्हाता."
खरं आहे. मला माहीत नव्हतं, पण खरं आहे.
"नवनाथनं काय सांगितलं, भावजी? हाक मारली का त्यांनी?"
मी उठून आत आलो. कडी लावली. हे लिहायला घेतलं. लिहिलं की उत्तर द्यावं लागत नाही, एवढं एक शिकलोय कॉलेजात.
ती दारापाशी आहे. सावली दिसतीय फटीतून.
"भावजी."
आबांचं खोकणं. शेळी.
"भावजी, ओ द्या की."