डॉक्टर कवय येतीन?

एरंडोल, दि. २० एप्रिल २०२५

ती. आधारआबांस,
स. जयभीम वि. वि.

पत्रच लिहिते आहे, कारण फोनवरचं बोलणं फायलीला लागत नाही, हे तुमचं वाक्य सगळ्या घराला पाठ आहे. दवाखान्यासाठी पांढऱ्या सुती कापडाचे चार कुर्ते शिवून घेतले. उन्हात हलके पडतात. माझ्या रिटर्नमध्ये हा खर्च वजावटीला धरता येईल ना?

दवाखाना उघडून सहा महिने झाले. पेशंट येतात, मला पाहतात आणि डॉक्टरांची वेळ विचारतात, डॉक्टर कवय येतीन? मीच डॉक्टर म्हटलं की बीपी मोजू देतात आणि औषधाला दुसरीकडे जातात. फार वाईट वाटतं, आबा. तुम्हीसुद्धा साखर तपासायला धुळ्यातल्याच डॉक्टरांकडे जाता म्हणे.

केसरकाकूंना जयभीम. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमची पुतणी,
स्नेहल


धुळे, दि. २६ एप्रिल

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं लोकांची रिटर्न भरतो आहे, तेव्हा ऐक. जो कपडा बाहेर मिरवता येतो, तो व्यवसायाचा धरत नाहीत. गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात तू असल्याच पांढऱ्या कुर्त्यात होतीस. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. इन्कमटॅक्सच्या साहेबांनी विचारलं तर मी भिंत झाकत बसू का? कोट शिव आणि खिशावर नाव, डिग्री भरून घे. तसला कोट घालून कोणी लग्नाला जात नाही.

पेशंटचं म्हणशील, तर डॉक्टर कपड्यावरून ओळखायचा नसतो. मी तर लांबूनही ओळखेन. इथल्या डॉक्टरांकडे जातो ते निव्वळ जुन्या ओळखीखातर. काकू म्हणते जेवत जा वेळेवर.

आधारआबा


एरंडोल, दि. ५ मे

ती. आबांस,
स. जयभीम.

कोट झाला. आमचे टेलर जीवरामभाऊ जन्मभर शाळेचे गणवेश शिवत आले, त्यामुळे नाव लिहून घेतल्यावर त्यांनी सवयीने इयत्ता विचारली. कापडही गणवेशाचंच जाड निघालं. या उन्हात तो अंगावर ठेवला तर पेशंटआधी मीच आडवी होईन, म्हणून खुर्चीमागे खुंटीला टांगला आहे. आता लोक कोटाला नमस्कार करतात आणि मला पंखा लावायला सांगतात.

तुम्ही एकदा तपासून घ्यायला या. घरचाच माणूस येत नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी का यावं? सारखं हेच मनात येतं.

तुमची,
स्नेहल


धुळे, दि. १६ मे

डॉ. स्नेहल यांस,
स. जयभीम.

नेहमीप्रमाणे चि. लिहिणार होतो, पण हात थांबला.

मंगळवारी न कळवता आलो, कारण चार लोकांसमोर तुझं कौतुक करायचं ठरवलं होतं. एक तर माझा मोतीबिंदू, त्यात तुझ्या तोंडाला मास्क, अंगात कुर्ता, हातात इंजेक्शनचा ट्रे. आणि मी भर दवाखान्यात विचारलं, माय, डॉक्टर कवय येतीन? तू ट्रे खाली ठेवलास. आत गेलीस, कोट चढवलास, बटणं लावलीस आणि दारात येऊन म्हणालीस, आबा, या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. साखर वाढलेली निघाली, तरी तू रागावली नाहीस. त्याचंही वाईट वाटलं.

काकू ऐकून इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली.

कोट व्यवसायाला आवश्यक आहे, याला पुरावा म्हणून हे पत्र फायलीला लाव. साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. कुर्ते मात्र वजावटीत बसत नाहीत.

पुढच्या महिन्यात परत तपासायला येतो. त्या दिवशी कोट घालू नकोस, ऊन फार आहे. मी ओळखेन.

तुझा पेशंट,
आधार