अविवाहित एकशे बारा

१४ मार्च २०१६, सोमवार
साखर कारखान्याच्या एमडी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कामगारांना नव्या आरोग्य विम्याची माहिती द्यायची, फॉर्म भरून घ्यायचे. म्हणाले, बंकटराव, हे काम तुम्हीच करू शकता. (लेबर ऑफिसर रजेवर आहेत, तो भाग वेगळा.) ऊस वाळला, गाळप फेब्रुवारीतच आटोपलं, पण माणसं तरी शहाणी झाली पाहिजेत. संकल्प : ३१ तारखेच्या आत प्रत्येकाला विमा तोंडपाठ.

१८ मार्च
शेडमध्ये सभा. माइकवर दीड तास बोललो. मग माझी स्वतःची आयडिया : एकेकाने पुढे यायचं आणि बायकोचं नाव माइकवर सांगायचं. पारदर्शक कारभार! मिल हाऊसचा शहादेव ओरडला, “साहेब, उखाना घ्यावा लागंल का?” हशा. पुढे कोणीच आलं नाही. बॉयलरवरचा आश्रुबा तर मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत बसला. एकही प्रश्न आला नाही. म्हणजे सगळ्यांना समजलं.

१९ मार्च
फॉर्म माझ्यासह एकशे बारा. बायकोचा रकाना सगळ्यांचा कोरा. टँकरचं पाणी गाळता गाळता सौभाग्यवतींनी सल्ला दिला, “चारचौघांत बाप्ये बायकूचं नाव घेतेत का? मी बायांकडून लिहून आणते.” हसलो. कल्याण विभाग मी चालवतो.

२२ मार्च
कॉम्प्युटर कोरा रकाना घेईना. ‘अविवाहित’वर क्लिक केलं की मात्र सरकन पुढे जातो. सगळे एकशे बारा दोन तासांत उरकले. तात्पुरतं आहे. दुरुस्ती सोमवारी. साहेब म्हणाले, वा!

२४ मार्च
धुळवड. पाणी नाही, राखेवर भागवलं.

२८ मार्च, सोमवार
उन्हाने डोकं धरलं. दुरुस्ती उद्या नक्की.

३० मार्च, सकाळी ११
अंबाजोगाईहून आश्रुबाचा फोन. त्याच्या पत्नी मंजुळाबाईंच्या पित्ताशयात खडे, आत पू झालाय. डॉक्टर म्हणतात, उद्या संध्याकाळच्या पुढे थांबता येणार नाही. आणि विम्यात आश्रुबा बिनलग्नाचा. रडत होता. “चार लेकरं हायेत मला, साहेब. असं कावून लिवलं?” सिस्टिमची चूक आहे म्हणून सांगितलं.

दुपारी
विमा कंपनी म्हणते, दुरुस्तीची मुदत उद्या पाचपर्यंत. यादी पाठवा, आणि प्रत्येकाने स्वतः फोनवर बायकोचं नाव सांगायचं. जेवण गेलं नाही. घरी सगळं सांगावं लागलं. ती एक कोरी वही घेऊन, चपला घालून निघाली.

३१ मार्च, दुपारी ३
कॉलनीत दारोदार फिरून तिने एकशे अकरा नावं आणली. शेवटची ओळ रिकामी. म्हणाली, “ती तुमी भरा.” ऑफिसच्या फोनपाशी सकाळपासून रांग. एकेक जण रिसीव्हरवर हात धरून कुजबुजतो आणि लाल होऊन बाहेर पडतो.

४.२०
आश्रुबाला दवाखान्यातून लाइनवर घेतलं. कंपनीच्या बाईंनी तीनदा विचारलं. नुसता श्वास ऐकू येत होता. बोल बे, बोल! आणि मग तो ओरडलाच, “मंजुळा! मंजुळा हाय तिचं नाव! घ्या लिहून, बाई!” माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

४.५५
माझा नंबर शेवटचा. ती समोर वही घेऊन उभी. दारात सगळी रांग थांबलेली. शहादेव म्हणाला, “घ्या साहेब उखाना.” रिसीव्हर घामाने निसटायला लागला. बाईंना म्हटलं, माझं नंतर करतो.

२ एप्रिल, शनिवार
मंजुळाबाईंचं ऑपरेशन नीट झालं. पेज पितात. आश्रुबाने पेढे पाठवले, पुडा घरी दिला, तिच्या हातात. योग्यच.

नवी यादी आली. विवाहित एकशे अकरा. अविवाहित एक : बंकट, कामगार कल्याण विभाग. साहेबांनी ती नोटीस बोर्डावर लावली.

घरी माझ्या आधी पोचली होती बातमी. तिने एकच ताट वाढलं, आणि त्यावर स्वतः जेवायला बसली.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

वत्सला.