तलावाच्या गाळाची बांधी

ता. सिंदेवाही, १४ एप्रिल २०२५

चि. हेमराज यास रुखमाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आलापल्लीहून निघाले ती सुखरूप पोचले. एस.टी.त खिडकी मिळाली. तुझ्या दिव्यानीचं लग्न तू झोकात केलंस. नवरदेव तुझ्यापेक्षा शहाणा दिसतो, पोरगी सुखात राहील. आता खरं काय ते लिहिते. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. रामाजीच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि मला जे बोलायचंय ते त्याने आधीच ऐकायला नको.

आपल्या बाबांची धानाची बांधी खरवडली रे त्याने. वाटणीत आपल्या वाट्याला उघडा मुरूम आला होता. बाबांनी दर उन्हाळ्यात तलावाचा गाळ बैलबंडीने आणून तिथे धानाची जमीन केली. मी तुझ्याकडे मांडवात हळद लावत होते तेव्हा या आपल्या सख्ख्या चुलतभावाने जेसीबी घातला आणि वीतभर माती वरच्या स्वतःच्या वावरात नेऊन टाकली. कंबर धरली म्हणून लग्नाला आला नाही ना? ही ती कंबर.

विचारलं तर थंडपणे म्हणतो, बाई, दरसाल माह्या वावरातली माती पाण्यासंग तुह्या बांधीत येते, मी माहीच माती वापस आणली. मी एकटी बाई, काय करणार, असं त्याला वाटलं. हेमराज, मला त्याची जिरवायची आहे. रडायचं नंतर बघू. तू रोपवाटिकेत जन्मभर मातीच्या पिशव्या भरल्यास. गेलेली माती पुन्हा व्हायला किती काळ लागतो, ते मला नीट कळव. शिक्षा त्या मापाने ठरवीन.

कळावे. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी, रुखमाबाई


आलापल्ली, २१ एप्रिल

ती. रुखमाबाईस हेमराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून अन्न गोड लागलं नाही. विचारलंस म्हणून सांगतो. आधी खडक उन्हाने तडकतो, पावसाने झिजतो. त्यावर दगडफूल धरतं, फटीत गवताची मुळं शिरतात. पाला पडतो, कुजतो. मग वाळवी आणि गांडुळं खालचं वर, वरचं खाली करत बसतात. असं करत बोटभर माती व्हायला माणसांच्या कित्येक पिढ्या जातात. मूठभर मातीत निम्मे तर दगडाचेच कण असतात, कुजलेलं थोडंसं, बाकी हवा आणि पाणी. बाबांना एका जन्मात जमलं, कारण डोंगरावरून वाहून आलेली माती तलावाने आधीच साठवून ठेवली होती.

म्हणजे माती वरून खाली येते हे रामाजीभाऊचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण वीतभर येत नाही. आणि एक फरक आहे. तलावाच्या गाळात गोगलगाईंचे बारीक पांढरे शंख असतात. लहानपणी मी ते वेचून खिसे भरायचो आणि आईचा मार खायचो. त्याच्या वरच्या वावरात शंख कुठून येणार? तलाठ्याला बोलावून हे दाखव. डोकं मात्र शांत ठेव, तुझ्या डोक्याची मला जास्त भीती वाटते.

मोठ्यांना नमस्कार. तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा, हेमराज


ता. सिंदेवाही, ४ मे

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.

शंखांचं सांगितलंस, जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललास! पण मी तलाठ्याकडे गेले नाही. आपल्याकडे वावराचं भांडण लागलं की ढेकूळ डोक्यावर घेऊन दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून चालायचं आणि शपथ घ्यायची, हे तू विसरलास वाटतं. मी गावच्या जुन्या माणसांना तेच मागितलं. शंख आधी दाखवले असते तर तो शपथेला उभाच राहिला नसता. मला त्याला उभं करायचं होतं.

राहिला उभा. आणलेल्या ढिगातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन सगळ्या गावासमोर चालला, आणि म्हणाला की हे माती माह्या वावराची, खोटं बोलीन तं माह्या वावरात कोंब नाई निघन. सुगंधाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. नवऱ्याला तिच्याइतकं कोण ओळखतं? मग मी घमेलंभर पाणी मागवलं आणि तेच ढेकूळ त्यात ठेवायला सांगितलं. ते विरघळलं आणि पांढरे शंख वर तरंगायला लागले. म्हातारा दसरू वाकून बघत म्हणाला की तुह्या उंचावरच्या वावरात गोगलगाई कवापासून पोहून राह्यल्या रे रामाजी? कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

उद्या जेसीबीने परत टाकतो म्हणाला. मी नाही म्हटलं. टोपलीने आणायची, स्वतःच्या डोक्यावर. गावाने मान्य केलं. पण भरलेली टोपली एकट्याने डोक्यावर चढत नाही. त्याची पोरं लाजेने तिकडे फिरकत नाहीत, दुसरं कोणी हात लावत नाही. मग मीच उचलून देते. शिगोशीग भरते, वर आणखी एक फावडं टाकते. त्याची मान थरथरताना दिसते आणि मला रात्री छान झोप लागते.

तुलाही आनंद झाला असेलच. तसं कळव.
तुझी, रुखमाबाई


आलापल्ली, १३ मे

ती. रुखमाबाईस साष्टांग नमस्कार.

आधी हसलो, खोटं कशाला बोलू. घरात मोठ्याने वाचून दाखवलं. रीताने मात्र पत्र हातातून ओढून घेतलं आणि विचारलं की या उन्हात रामाजीभाऊ पडले तर सुगंधाबाईसमोर कोणत्या तोंडाने जाल. नवरा बायकोचं ऐकतो म्हणून चिडवशील, चिडव. पण ती बरोबर बोलली.

आणि बाई, माती म्हणजे पोत्यातलं धान नव्हे, की इकडून उचललं, तिकडे ओतलं. जेसीबीने वरचं खाली गेलं, खालचं वर आलं. गांडुळं उन्हात मेली. त्याने शेवटच्या कणापर्यंत आणून टाकली तरी बाबांची बांधी लगेच परत येणार नाही. ती जिवंत व्हायला पुन्हा गाळ, पुन्हा पाला, पुन्हा वर्षं. मग त्याला मारून काय मिळणार? उरलेली ट्रॅक्टरने येऊ दे. शंखांची गोष्ट मी सांगितली, म्हणून मलाही याचं पाप लागतं.

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझा, हेमराज


ता. सिंदेवाही, ५ जून

चि. हेमराज यास आशीर्वाद. रीताला दोन जास्त.

तुझ्या रामाजीभाऊला काही झालेलं नाही. दुपारी मी काम बंद ठेवायचे, त्याला ताकही द्यायचे. काम अर्धवट टाकून तो मेला असता तर मला परवडलं नसतं. काल बांधी भरली. पुरे आता, असं म्हणायचं मी मनाशी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. सुगंधाबाई समेटासाठी हळदीकुंकवाचा करंडा घेऊन धुऱ्यावर येऊन बसली होती.

त्याने शेवटची टोपली रिकामी केली, आणि कोणी न सांगता खाली बसला. ढेकूळ मुठीत फोडलं, तळहातावर पसरलं, वास घेतला. मग हाताने माती ओढत ओढत खालच्या कोपऱ्याकडे नेली. त्या कोपऱ्यात पाणी साचून रोप कुजतं. तिथे खूण नाही, काही नाही, बाबा आणि मी सोडून ते कोणाला माहीत नव्हतं. मी बघतच राहिले. मग आठवलं. तू तेव्हा जन्मला नव्हतास. गाळाच्या बंडीवर बाबांबरोबर रामाजीच असायचा. आई त्याला आधी वाढायची, मग मला. या बांधीत त्याच्या हातचा गाळ आहे.

हेमराज, एखाद्या अडाण्याने जेसीबी घातला असता तर मी काल माफ केलं असतं. याला माहीत होतं. एकेक टोपली कशी आली, कुठे पडली, सगळं माहीत होतं, आणि तरी त्याने घातला.

तू लिहिलंस की आता गाळ लागेल, पाला लागेल, वर्षं लागतील. सोडून दे म्हणून लिहिलंस, पण मला त्यातलं तेवढंच कामाचं वाटलं. मी त्याला सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात तलाव आटला की टोपली घेऊन ये. त्याच्या पुढच्याही. पाय चालतात तोवर. सुगंधाबाई करंडा उचलून घराकडे गेली. तो मात्र उठला नाही, कोपऱ्यातली माती सारखी करत राहिला, आणि खाली मान घालूनच म्हणाला की येईन बाई.

पोराबाळांना आशीर्वाद. माझ्यावर रागावलास तरी माया असू दे.
तुझी, रुखमाबाई