टिटवी म्हणतात मला

९ एप्रिल
आज नळावर स्पष्ट ऐकलं. मी हंडा ठेवला तशी शेजारची शांताकाकू सुनेला म्हणाली, "चाल लवकर, टिटवी आली." दोघी हसल्या.

सुरुवात तिच्याच घरातून. तिच्या मालकांना मी म्हटलं होतं, काका, मागचं टायर गुळगुळीत झालंय, या गाडीवर सोनाळ्याला नका जाऊ. गेले, घसरले, पाय मोडला. मग आमचा बैठकीतला पंखा. पडेल म्हटलं, पडला. खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून "सुनंदा बोलली का होते."

इथं टिटवी म्हणजे जिचं बोलणं बाधतं अशी बाई. टिटवी पाखरू घरावरून ओरडत गेलं की त्या घरातलं कुणीतरी जातं म्हणे. हसण्यावारी न्यावं म्हणते. जमत नाही.

१० एप्रिल
डोणगावला बाबांना फोन. टिटवीला वाईट का म्हणतात, विचारलं. आधी हसलेच. "तुलेच तं म्हणो मी टिटवी! काड्यावानी पाय होते तुये." विसरलेच होते मी. माहेरी लाडाचा शब्द.

"नाव तं तिच्या वरडण्यावरूनच पडलं. झाडावर नाही बसत ते. उघड्या वावरात, ढेकळात अंडे. कुत्रं म्हणा, माणूस म्हणा, जवळ आलं का वरडते. राती बी वरडते. मंग बिमार माणसाच्या घरच्याले वाटते, आलं बोलावणं." अजून एक सांगितलं. पाय वर करून झोपते म्हणे, आभाळ पडलं तर झेलायला. म्हणून जास्त शहाण्या बाईलाही टिटवी म्हणतात.

"काऊन पुसून राह्यली?"
सहज, म्हटलं. ठेवला फोन.

१३ एप्रिल
धाकट्या जावेची, कविताची ओटी भरली. सातवा लागलाय. सासूबाईंनी सकाळीच मला बाजूला घेतलं. "तू नको भरू ओटी. मले काही नाही वाटत, पण लोकं बोलतात."
बरं म्हटलं. पुऱ्या तळत बसले. दारातून दिसत होतं.

कासारणीच्याने बांगड्या चढेनात. साबण लावला, तरी नाही. कविता कळवळली. बाया म्हणे, "अंगानं भरली बाप्पा, चांगलं हाय!" मी हात पाहिले. मग पाय. घोटा दिसत नव्हता. माझ्या बहिणीचे, वैशूचे, असेच झाले होते. मग झटके. वैशू वाचली. बाळ नाही.

पुरी करपली. बोलले नाही.

१४ एप्रिल
कविता भांडी घासता घासता थांबली. "ताई, डोकं लय ठणकते. डोयासमोर काजवे चमकतात."
"सासूबाईंना सांगितलं?"
"हाव. म्हणे उन्हानं."

वैशूही काजवेच म्हणाली होती. हाच शब्द.

गावातल्या गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या आशाताई माहेरी गेल्यात, फोन लागत नाही. यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू नको बोलू. मी पाहतो." आणि जेवून वावरात गेले.

बोलले आणि काही निघालं नाही, तर भरल्या घरात अपशकुन केला. निघालं, तर मीच ओढवलं. आणि खरं सांगायचं तर दुसरीच भीती मोठी. लोक म्हणतात ते खरं असलं तर? पंखा माझ्या बोलण्यानं पडला असता तर? बी.ए. झालेली बाई मी, हे लिहितेय. पण वाटतं. तोंडातून शब्द काढला की कविताला काहीतरी

१५ एप्रिल, दुपार
बोलले.

सकाळी कविताला चहाचा कप दिसेना. समोर होता, हात भलतीकडेच जात होता. दीर सासूबाईंजवळ बसले होते. मी म्हटलं, "गाडी काढा, भाऊजी. हिला आत्ताच्या आत्ता खामगावला न्या. वैशूला असंच झालं होतं."

सासूबाई उठल्याच. "तोंड मीट! टिटवे! माह्या नातवावर वरडून राह्यली?"

मी जागची हलले नाही. पुन्हा म्हटलं, न्या. दीर आईकडे पाहात राहिले. कविताच भिंत धरून उठली. "मले न्या," म्हणाली. "मले दिसून नाही राह्यलं."

मग मात्र दीरांनी गाडी काढली. दीर, कविता, सासूबाई, तिघंही गेले. मला कुणी चल म्हटलं नाही. हे अजून वावरातच.

शांताकाकू दारात येऊन विचारून गेली, "काय झालं बाई?" दार लावून घेतलं.

१५ एप्रिल, संध्याकाळ
दीरांचा फोन. बीपी खूपच वाढलंय. भरती केलं. डॉक्टर म्हणतात, तासभर उशीर झाला असता तर झटके आले असते. बाळाचे ठोके आहेत. आज रात्री काढावं लागेल कदाचित. फार लहान आहे.

मग सासूबाईंनी फोन घेतला. मागं दवाखान्यातला गलका.
"सुनंदा?"
"हो."
"तुले कसं मालूम पडलं?"

वैशूचं सांगायला लागले, तेवढ्यात तिकडून कुणी हाक मारली नि फोन कट. परत लावला, उचलत नाहीत.

कसं विचारलं त्यांनी? रागानं म्हणावं, तर आवाज चढला नव्हता. मायेनं म्हणावं, तर... 

हे आलेत. चल म्हणतात. कविताचं लुगडं, दुपटी पिशवीत भरली. तिथं पोचल्यावर आधी मी बोलू की सासूबाईंनी बोलायची वाट पाहू, कळत नाही.