कोरडे मोजे

बुधवार, ३ ऑगस्ट १९८८

परवा संध्याकाळी पावणेसहाला सगळं बदललं. कॉव्हेंट्रीच्या बसस्टॉपवर. उल्का गरम चिप्स फुंकत म्हणाली, "व्हॅन घे. झोपता येईल अशी. मी येते तुझ्याबरोबर." तेवढ्यात तिची बस आली, ती चढली, गेली. मी तसाच उभा. माझ्या तीन बस गेल्या.

उल्का आता पास झालेली फार्मसिस्ट. स्कॉटलंडमध्ये लोकमचं काम मिळालंय – जिथला केमिस्ट सुट्टीवर, तिथे ही. दोन आठवडे एका गावात, दोन दुसऱ्या. एक सप्टेंबरपासून. राहायला भाड्याच्या खोल्या, आणि तिकडच्या खोल्या म्हणजे भिंतींना ओल. ओलीत तिला दमा उठतो. मागच्या हिवाळ्यात पाहिलाय मी – खिडकीची चौकट धरून बसलेली, खांदे वर, ओठ निळसर, निळा पंप हातातून निसटत होता.

तेव्हा व्हॅन कोरडी हवी. आणि रोज सकाळी चालू होणारी हवी, कारण दुकान हिनंच उघडायचं. हातात चार आठवडे. मी आजवर साधी सायकलसुद्धा स्वतः निवडलेली नाही!

शनिवार, ६ ऑगस्ट

पहिली व्हॅन. केनिलवर्थच्या बाजूला, पेपरातल्या जाहिरातीवरून. छोटी, दोन बर्थ, पहिल्यापासून एकच मालकीण. आजीबाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली. मी मनात म्हटलं, झालं काम!

आत चढताना सवयीनं बूट काढले. "यू नीडन्ट, लव्ह!" म्हणाल्या. पण जिथे झोपायचं, शिजवायचं, तिथे बूट घालून कसं जायचं? सिंकपाशी पाऊल टाकलं आणि – मोजा ओला! गालिचा पिळला असता तर पाणी निघालं असतं. आजीबाई लालेलाल. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्या आत कायम रबरी वेलिंग्टन बूट घालून वावरत.

फोनबॉक्समधून उल्काला फोन केला. तिच्या आईनं उचलला. मी ठेवून दिला.

रविवार, ७ ऑगस्ट

मोजे! कोणत्याही पुस्तकात नाही हे. माझा शोध.

बुधवार, १० ऑगस्ट

लायब्ररीतून पुस्तक आणलं. नसतं आणलं तर बरं झालं असतं. गंज. ब्रेक. आणि गॅस – हीटरची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर खिडक्या उघडा, कारण तेव्हा सुटणारा वायू झोपेतच माणूस नेतो, वास नाही, आवाज नाही. ते पान तीनदा वाचलं. तिन्ही वेळा बर्थवर उल्का झोपलेली दिसली.

पॉलिटेक्निकमध्ये दीड वर्ष मेकॅनिकल केलं आणि लेक्चररशी भांडून सोडून आलो. नेमका राहिलेला अर्धा भाग आता लागतोय.

बाबा जेवताना – "पुढे काय?" "बघतो." "काय बघतोस?" उठलो, दार आपटलं. मागून आवाज आला, "दारानं काय केलंय रे तुझं?"

लहानपणी बाबांनीच सक्ती केली होती, रोज एक पान मराठी लिहायचं. आता तेच पान त्यांच्यापासून गादीखाली लपवतो.

शनिवार, १३ ऑगस्ट

मिळाली!! ननीटनला. ए-रजिस्ट्रेशन, म्हणजे पाचच वर्षांची, क्रीम रंग, पहिल्या किल्लीत चालू. हीटरची ज्योत निळीशार – पाच मिनिटं उकिडवा बसून बघितली. मालक जाड मिशीचा. "ड्राय ॲज अ बोन, मेट!" मी म्हटलं, ते माझे मोजे सांगतील. सिंकपाशी, दारापाशी, मागच्या कोपऱ्यात, सगळीकडे पाय घासून आलो. कोरडे! हातावर हात मारला. पुढच्या शनिवारी ताबा.

उल्काला सांगितलं. हसली. "मोज्यांवर संसार करणार तू?" मग – "कुणा जाणत्या माणसानं बघितली का रे?" मी भडकलो. "मी बघितली ना!" पैसे संपले, फोन तुटला.

रविवार, १४ ऑगस्ट

गालिच्याला नव्याचा वास होता. पाच वर्षांच्या व्हॅनमध्ये नवा गालिचा का टाकतं कुणी?

सोमवार, १५ ऑगस्ट

आवड म्हणून टाकला असेल. लोक टाकतात.

शनिवार, २० ऑगस्ट

पेन कागदात रुततंय. अक्षर बघ.

सकाळी निघालो तर बाबा गाडीत बसलेले, इंजिन चालू. "ननीटनला ना? चल." मी कुणालाही सांगितलं नव्हतं! पेपरात जाहिरातीवर केलेली खूण आईनं बघितली असेल.

बाबांनीही बूट काढले. आत चढले. गालिच्याकडे पाहिलंच नाही. खिडकीखालच्या भिंतीवर डाव्या हाताचं मधलं बोट आडवं ठेवलं आणि उजव्या बोटानं त्यावर टकटक. जन्मभर पेशंटच्या पाठीवर करत आले तसं. जरा खाली सरकून पुन्हा टकटक. मिशीवाला दारातून डोकावला. "व्हॉट्स ही डूइंग?" मी म्हटलं, छातीचे डॉक्टर आहेत. "पुअर्ली, इज शी?" – म्हणजे व्हॅन आजारी आहे का – आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

बाबा हसले नाहीत. "जयंता, इकडे ये. ऐक. इथे पोकळ – चांगलं. आता इथे." ठप्प. "पुन्हा ऐक." ठप्प. "छातीत पाणी झालं की असाच आवाज येतो. ही भिंत आतून भिजलीय. मागचा कोपरा तर गेलाच."

"गालिचा कोरडा आहे."

"गालिचा नवा आहे."

मग बूट घालताना, मान खाली घालून म्हणाले – "दम्याच्या माणसानं यात झोपू नये."

उल्काचं नाव मी घरात कधी काढलेलं नाही. कधीच! ती बाबांची पेशंट हे खरं. त्यांना डबा द्यायला क्लिनिकवर गेलो तेव्हाच ती मला पहिल्यांदा दिसली. पण हे त्यांना कसं कळलं? किती कळलं?

भीती वाटली की मला रागच येतो. "माझं एक तरी काम तुम्हाला कधी बरोबर वाटलंय का?" मिशीवाल्यासमोर, मराठीत, ओरडून. तो एक पाऊल मागे सरला. मी खिशातलं पैशांचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं आणि किल्ली हिसकावून घेतली.

घरापर्यंत बाबांची गाडी माझ्या मागे होती. ठरावीक अंतर ठेवून. आरशात सारखी दिसत होती.

रविवार, २१ ऑगस्ट

चार स्क्रू काढले. भिंतीची फळी हातात आली, चहात बुडवलेल्या टोस्टसारखी. मागे सगळं काळं. बुरशी. मी दारात बसून खोकत राहिलो. मी! मला तर दमा नाही.

मंगळवार, २३ ऑगस्ट

नऊ दिवस. दुसरी व्हॅन घ्यायची ऐपत नाही. उल्काला सांगितलं तर ती ट्रेननं जाईल, एकटी. भिजक्या खोलीत राहील. किंवा कुणी दुसरा भेटेल, ज्याला साधी एक व्हॅन निवडता येते.

बुधवार, २४ ऑगस्ट

काळं खरवडलं. नवीन फळी बसवली, पांढरा रंग दिला. वरून काही कळत नाही. मिशीवाल्यानंही असंच केलं असेल – सावकाश, नीट, शिट्टी वाजवत.

बोट ठेवून वाजवून बघितलं. फळी पोकळ वाजते. तिच्या खाली, तळाशी – ठप्प.

शनिवार, २७ ऑगस्ट

उल्का व्हॅन बघायला आली. सँडल काढल्या, बर्थवर बसली, पडदे ओढून बघितले, कपाट उघडून मिटलं. "छान आहे रे." मग त्या पांढऱ्या फळीवर तळवा टेकला. नेमका तिथेच!

"कोरडी आहे ना, जयंत?"

"आहे."

"नक्की?"

"माझे मोजे बघ!"

नेहमीसारखी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बॅगा भरायच्यात. चिप्सही नको म्हणाली. जाताना बसच्या खिडकीतून हात केला नाही. मी मात्र करत राहिलो, बस वळेपर्यंत.

रविवार, २८ ऑगस्ट

बाबा समोरून गेले. थांबले. "सांगितलंस?" मी म्हटलं, काय सांगायचं? ते आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पहिली रात्र मी जागा राहीन. तिचा श्वास मोजत. दुसरी रात्रही. पण किती रात्री?

सोमवार, २९ ऑगस्ट, बँक हॉलिडे

आईनं चिवड्याचा डबा पुढे केला. "उल्काला दे. वाटेत खाईल."

"तुला कुणी सांगितलं?"

"अरे, सगळं ह्यांच्याकडून कळलं. तीच क्लिनिकवर गेली होती. म्हणाली, काका, तुम्ही एकदा ती व्हॅन वाजवून बघा, पण मी आले होते हे जयंतला कळू देऊ नका, त्याला लागेल. तुम्ही दोघं ननीटनहून आलात ना, त्या संध्याकाळी ह्यांनी तिला फोन करून सांगितलं. ओली आहे म्हणून."

म्हणजे शनिवारी तिला ठाऊक होतं. भिंतीवर हात टेकून विचारलं, तेव्हा ठाऊक होतं. दोनदा विचारलं.

व्हॅनची किल्ली बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवली. डबा घेतलाय. चालत जातोय तिच्याकडे. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.

बूट घातले. ही वही आज टेबलावरच राहू दे. बाहेर पडतो आणि दार लावून घेतो – न आपटता.