गुरुवारी फोन कुणी कट केला

जुळे सोलापूर,
रविवार दुपार

आदरणीय आत्या,
सप्रेम जयभीम.

लग्न होऊन मी मोडनिंबला तुमच्या घरी आले, त्या आठवड्यात तुम्ही मला एकच नियम सांगितला होता. "मी हौदात बसले की मला कुणी हाक मारायची न्हाय." बाकीच्या सासवा नव्या सुनेला पदराचे, मिठाचे, माहेरी जाण्याचे नियम सांगतात. मला वाटलं, हौदात बसणं ही या घरातली बोलायची तऱ्हा असेल, म्हणजे रुसणं किंवा तसलंच काही. मग एका दुपारी मागच्या अंगणात गेले तर तुम्ही खरोखरच हौदात, नेसत्या साडीनिशी, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून; आणि काठावर मामा उभे राहून विचारत होते की आता हे पाणी भांड्यांना कोण वापरणार. (पाणी टँकरचं होतं, त्यामुळे मामांचंही चूक नव्हतं.) मी पावलांचा आवाज न करता परत फिरले. सुनेचं तोंड बघायला लागू नये म्हणून सासू पाण्यात जाऊन बसते, असा संशय तेव्हा मनात आला आणि तो मी लोणच्यासारखा इतकी वर्षं टिकवला. आज तो बरणीतून का काढला, ते पुढं येईल.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला तेल लावता की नुसतं लावते म्हणून सांगता? ऑपरेशन झालेला डोळा चोळू नका. लंगडणारी शेळी आता चालते का? इकडं सगळं ठीक आहे. मीही ठीक आहे. (या वाक्यावर फार विसंबू नका.)

आता मुद्दा. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही तुमच्या चिरंजीवांशी बोलत होता आणि फोन मधेच बंद झाला. नंतर त्यांनी तुम्हाला सांगितलं की रेंज गेली. रेंज गेली नव्हती. फोन कुणी कट केला, हे तुम्हाला कळायलाच हवं, कारण पुढच्या महिन्यात आपल्या धम्मप्रियाचा साखरपुडा आहे. हॉल भरून माणसं येणार, मुलीच्या आईनं तिथं तासन् तास हसत उभं राहायचं, आणि मला ते जमेल याचा मलाच भरवसा उरलेला नाही.

सुरुवात लसणापासून झाली. उन्हाळ्यातली दुपार, मी एकटी लसूण सोलत बसले होते. लसूण सोलताना माणसानं घाबरावं असं त्यात काही नसतं. अचानक पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटून छाती अशी धडधडायला लागली की विचारू नका. हात गार, मान गरम, श्वास अर्ध्यावर, आणि आता काहीतरी होणार याची अगदी पक्की खात्री. मागं वळून पाहिलं तर फ्रीज. मग वाटलं, नक्की कुणीतरी गेलं असणार, फक्त बातमी अजून आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून मी एकेकाला फोन लावून सगळे जिवंत आहेत ना ते तपासलं. तुम्हालाही केला होता. आवाज ऐकून मी म्हणाले, "आत्या, तुम्ही बऱ्या आहात ना?" तर तुम्ही म्हणालात, "मी हाय की अजून. तुला घाई हाय का?" आणि फोन ठेवलात.

या धडधडीची एक खोड आहे. ती येताना कारण घेऊन येत नाही, ते मला शोधावं लागतं. आणि शोधलं की सापडतंच, ही त्याहून वाईट खोड. पहिला संशय गॅसवर आला. अक्कलकोटकडचा कल्लप्पा म्हणून मेकॅनिक आहे, त्याला बोलावलं. त्यानं नळीला साबणाचा फेस लावला, शेगडी उलटी केली, सिलिंडर हुंगला. तोवर मी शेजारी उभी राहून घामानं अशी न्हाले की ओढणी पिळावी. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, गॅस कुटंच गळंना. तुमीच लई गळायलाय की." जाताना त्यानं स्वतःच पंखा लावला. यावरूनही मला संशय आला, कारण शेगडीच्या माणसाला पंख्याशी काय करायचंय?

मग पाहुण्यांचा दिवस. अजिंक्य आणि त्याचे आई-वडील धम्मप्रियाला बघायला आले होते. (बघायला म्हणजे नुसतं म्हणायला, त्या दोघांचं आधीच ठरलेलं होतं, पोहे तेवढे आपल्या बाजूनं.) अजिंक्यची आई मोठ्या प्रेमानं बोलत होती. तिनं मला विचारलं, "तुमच्याकडं अजून कोण कोण असतं?" एवढ्या साध्या प्रश्नावर माझ्या पोटातून छातीकडं काहीतरी उसळलं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, फ्रीजचं वरचं दार उघडलं आणि डोकं आत घातलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तिथंच संसार थाटावा असं वाटलं. मागून आवाज आला, "ताई, काय शोधताय?" मी डोकं आतच ठेवून म्हणाले, "मटार." आता मटार म्हटल्यावर मटार काढणं आलं. उकळत्या उन्हाळ्यात, पोहे खाऊन झालेल्या माणसांपुढं मी वाफवलेल्या मटारांचं ताट ठेवलं. सगळ्यांनी ते संपवले. तेव्हापासून अजिंक्यची आई माझ्याकडं जरा जपून बघते. कदाचित तसं नसेलही. पण मी तिच्याकडं जपून बघते, एवढं नक्की.

शेवटी डॉक्टरकडं गेले. डॉक्टरीण धम्मप्रियाच्याच वयाची, आमचा मिक्सर तिच्यापेक्षा मोठा असेल. तिनं ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि सांगितलं की हृदय उत्तम आहे. पाळी जायच्या दिवसांत हार्मोन वरखाली होतात, अ‍ॅड्रिनलिन उसळतं, आणि धोका नसतानाही शरीर भोंगा वाजवतं. घाबरून पळू नका, श्वास सावकाश लांबवून सोडा, चहा कमी करा, अंगावर पातळ पांघरूण घ्या. फारच वाढलं तर औषधं आहेत, या. मी विचारलं, "भोंगा खोटा आहे हे ओळखायचं कसं?" ती म्हणाली, "त्या वेळी नाही ओळखता येत, काकू. थोडं थांबायचं. तो आपोआप बंद होतो." आत्या, हे काय उत्तर झालं? माझं माहेर गिरणीच्या चाळीत. गिरणी बंद पडली तशी भोंगाही बंद पडला, सगळं कसं रीतसर. आणि इथं गिरणी बंद व्हायला आलीये तर भोंगा नवा बसवलाय. शिवाय ती हे सगळं हसत हसत सांगत होती. हसत सांगितलेल्या गोष्टीवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही.

याच सुमारास तुमचे चिरंजीव बदलले. आधी चहा बदलला. सकाळचा चहा ते करतात हे तुम्हाला माहीत आहे. (माहीत नसेल तर आता झालं.) चहात काहीतरी कमी होतं. विष घालणारा माणूस काहीतरी जास्त घालतो, म्हणून तो विचार मी सोडून दिला. पण पावडर निम्मी घालून डबा पटकन मागं सरकवताना मी त्यांना पाहिलं. मग माझी जाड सोलापुरी चादर गायब झाली. विचारलं तर म्हणाले, धुवायला टाकलीय. चादर आठवडाभर कोण धुतं? मग फोन. फोन वाजला की हे गॅलरीत जाणार, दार ओढून घेणार आणि हळू आवाजात बोलणार. एरवी ह्यांचा फोनवरचा आवाज खालच्या वॉचमनला ऐकू जातो. शेजारची पूनम एकदा जिन्यात म्हणाली, "वहिनी, सगळं बरंय ना?" म्हणजे हिलाही माहीत आहे! मला एकटीलाच माहीत नाही. आणि उलटं काही विचारलं की तुमचा मुलगा भांडतसुद्धा नव्हता. मी काहीही बोलले तरी गप्प. आत्या, पंचवीस वर्षं सवाल-जवाब करणारा नवरा एकाएकी गप्प बसला तर बाईनं काय समजायचं?

गुरुवारी ऑफिसातून ह्यांचा फोन आला, "जरा उशीर होईल." मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला, रिक्षा केली आणि ह्यांच्या ऑफिसच्या कोपऱ्यावर थांबले. स्कूटर निघाली, रिक्षा मागं. रिक्षावाल्यानं दोन वळणांनंतर आरशात बघत विचारलं, "ताई, सायेब आपलेच हायेत न्हवं?" मी म्हणाले, "तेच तर बघायचंय." त्यानं गिअर टाकला. पुढं छाती उडायला लागली तशी मी रिक्षाचा दांडा धरून डॉक्टरणीनं सांगितलेले लांब श्वास सोडायला लागले. तो घाबरला. म्हणाला, "ताई, दवाखान्यात घिऊ का सायबाच्या मागं?" मी म्हणाले, साहेबाच्या मागं.

स्कूटर भवानी पेठेत थांबली. हे एका चादरी-टॉवेलच्या दुकानात शिरले. मी बाहेरच्या पंच्यांच्या ढिगाआड उभी. आत एक बाई, चांगली हसतमुख, ह्यांना एकेक चादर उलगडून दाखवत होती आणि हे प्रत्येक चादर गालाला लावून बघत होते. आत्या, मी तुमच्या लेकाला कुठलीही वस्तू गालाला लावताना कधीही पाहिलेलं नाही. माझा संशय तिथंच पक्का झाला. पिशवी घेऊन हे बाहेर आले आणि मला पाठमोरे उभे राहून फोन लावला. "व्हय, घेतली. सुतीच. पातळ हाय. न्हाय, तिला काय बी बोललो न्हाय. तू सांगू नको म्हणालीस तर कसं सांगीन?"

तू! मी पुढं झाले आणि ह्यांच्या हातातून फोन ओढून कानाला लावला. आणि पलीकडून आवाज आला, "आन् हे बघ सत्या, ती अंगावर आली तर उलटं बोलू नको. पंखा लाव आन् गप बस. तुझा बा गप बसत नव्हता, म्हणून तर मला हौदात बसाय लागायचं."

फोन मी कट केला. तुम्ही आणखी एक वाक्य बोलला असता तर मी त्या दुकानासमोर रडले असते, आणि दुकानदारीण आधीच तिच्या नवऱ्याला तेलुगूत माझ्याबद्दल काहीतरी सांगायला लागली होती.

घरी येताना ह्यांनी सगळं सांगितलं. स्कूटर चालवताना ते खरं बोलतात, कारण समोर बघायचं असतं. मला तसं बघून ते घाबरले होते. विचारायचं कुणाला कळेना, म्हणून तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही म्हणालात की तुमचंही असंच झालं होतं. कुणी बाहेरची बाधा म्हणालं, कुणी माज म्हणालं, एकदा भावकीतल्या लग्नात भरल्या पंगतीतून तुम्ही उठून गेलात, आणि त्यानंतर पुन्हा कुठल्याच कार्याला गेला नाहीत. आमच्याकडं सगळे म्हणतात, चांगुणाबाईंचं नाक वर. धम्मप्रियाच्या नामकरणाला तुम्ही आला नाहीत तेव्हा मीही तेच म्हणाले होते, जरा मोठ्यानं. आता मला नवाच संशय येतोय. मी तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाच्या होता. तुम्ही रागीट नव्हताच बहुतेक. तुम्ही नुसत्या घाबरलेल्या होता आणि घरात विचारायला कुणी नव्हतं. होते ते मामा, आणि त्यांना भांड्यांची काळजी.

असो. मी आता बरीच बरी आहे. नवी चादर चांगली आहे. निम्म्या पावडरीचा चहा वाईट आहे, पण पिते. साखरपुड्याची तयारी जोरात चालू आहे. माझी काळजी करू नका, काही पाठवू नका; शेंगा तेवढ्या पाठवल्यात तरी चालेल.

तुमची सून,
रत्नमाला

ता. क. पत्र वाचून लगेच फोन करू नका. फोनवर बोलणं जरा जवळ आलं की तुम्ही "ठेवते" म्हणता, म्हणून तर हे पत्र. आणि ह्यांना रागावू नका. त्यांनी गुपित फोडलं नाही, मी हिसकावून घेतलं.

आणखी एक. वर 'बरीच बरी आहे' लिहिलंय ते पत्राला शोभावं म्हणून. काल हॉल बघायला गेलो होतो. नुसता रिकामा हॉल, रिकामी व्यासपीठाची फळी, आणि माझी छाती अशी उडाली की मी बाहेर जाऊन जनरेटरला टेकून उभी राहिले. धम्मप्रिया मागोमाग आली. म्हणाली, "आई, तुला नको असेल तर आपण हे लहानच करू, घरातल्या घरात." तिनं हे अगदी सहज म्हटलं आणि मग तोंड फिरवलं. पोरीनं माझ्यासाठी आपला साखरपुडा लहान करायचा, हे मला चालणार नाही.

शेवटचं, आणि खरं तर एवढंच. हॉलला मागं एक दार आहे, गल्लीत उघडतं. त्या दाराशी दोन खुर्च्या ठेवायला सांगून आलेय. एक माझी. दुसरीवर तुम्ही याल का? कुणाशी बोलायचं नाही, कुणाच्या पाया पडणं-पाडणं नाही, जेवायला थांबायचं नाही. एकीला उठावंसं वाटलं तर दोघी उठायचं, लोक म्हणतील सासू-सुनेचं वाजलं, म्हणू देत. त्या सकाळी हे गाडी घेऊन मोडनिंबला येतील. तुम्ही नाहीच म्हणणार, हे मला माहीत आहे आणि ह्यांनाही. ते म्हणतायत, पेट्रोल फुकट जाईल. पण दारातून त्यांना परत पाठवायच्या आधी, नुसतं बघायला म्हणून, एकदा पायात चपला घालाल का?